तीस गावांची लॅब

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

प्राचार्य सरांनी बारा वाजता बोलावलं. मी गेले तेव्हा गजाला आधीच समोरच्या खुर्चीत बसलेली. जूनपासून आहे ती आमच्याकडे, तासिका तत्त्वावर. सत्तावीस-अठ्ठावीसची असेल. ती वरच्या मजल्यावर थिअरी घेते, मी खाली लॅब सांभाळते. आजवर जिन्यात भेटलो की हसायचं, एवढाच संबंध.

सर म्हणाले, "यंदा तिसऱ्या वर्षाची प्रॅक्टिकल पायथनवर आहे. एकवीस तारखेला बाहेरचे परीक्षक येतायत. तीसही मशीनवर सगळी पॅकेजेस चालू पाहिजेत. ते या करतील. अरुंधतीताई, तुम्ही फक्त मदत करा."

फक्त मदत.

सतरा वर्षं झाली मला या लॅबमध्ये. एकेक वायर मी ओढून घेतलीय. कुठल्या मशीनचा पंखा कधी घरघरतो ते मला झोपेत सांगता येईल. आणि आता मी मदत करायची!

निघताना सर पेन्सिलीशी खेळत आणखी एक बोलले — पुढच्या वर्षी लॅबचा चार्ज कुणाकडे ठेवायचा, ते या परीक्षेनंतर बघू. माझ्याकडे न बघता बोलले.


४ नोव्हेंबर, मंगळवार

गजाला दहालाच आली. दुपट्टा खांद्यावरून मागे बांधलेला, पेन ड्राइव्ह गळ्यात. पहिल्या रांगेतली मशीन सुरू केली आणि मोठ्यानं वाचायला लागली — "अंकुशनगर… अंतरवाली सराटी… अंबड… मॅडम, ही काय भानगड आहे?"

भानगड नाही. मागच्या वर्षी तीस नवी मशीन आली. सुरू करताना प्रत्येक मशीन नाव विचारतं. जुन्या मशीनना पीसी एक, पीसी दोन अशी नावं होती. मी वर्गात विचारलं, कोण कुठून येतं? आणि एकेका मशीनला एकेक गाव दिलं. मराठीतून. तीस गावं. पोरं इतकी खूष झाली होती! भाषा पंधरवड्यात पेपरात फोटो आला होता माझा. आता तातेराव शिपाईसुद्धा तसंच बोलतात — "मॅडम, केदारखेडा उठंना. परतूर गरम होऊन राह्यलं."

गजाला हसली. चांगलं हसली, कुचकं नाही. मला कुचकं हसली असती तर आवडलं असतं.

दिवसभर ती काळ्या खिडकीत काहीतरी टाइप करत राहिली. पायथन बसलं. पॅकेज बसेना. लाल ओळीच लाल ओळी. तीनही रांगांत तेच. पाच वाजता म्हणाली, "काय की. माझ्या लॅपटॉपवर दोन मिनिटांत होतंय."


५ नोव्हेंबर, बुधवार

आज सुट्टी, तरी ती येऊन बसली होती म्हणे. तातेरावांनी फोनवर सांगितलं. झालं नाही तिचं. मला बरं वाटलं. लिहूनच ठेवते, म्हणजे नंतर स्वतःशी खोटं बोलता येणार नाही.


६ नोव्हेंबर, गुरुवार

सापडलं तिला.

सगळे गेल्यावर माझ्या टेबलापाशी आली. हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, जरा इकडं या." केदारखेड्यासमोर बसवलं मला. काळ्या खिडकीत जिथं "केदारखेडा" असायला हवं तिथं नुसते चौकोन. सात-आठ रिकामे चौकोन.

"हे बघा. मशीनला नाव देतो ना आपण, तेच आतल्या फोल्डरचं नाव होतं. पायथनला मराठी येती. पण त्याची काही पॅकेजं जुनी आहेत, त्यांना आपली अक्षरं वाचता येत न्हाईत. ती रस्ता हुडकत येतेत, आन् गावाच्या नावापाशी अडकून पडतेत."

मी म्हटलं, "मग नाव बदल."

"वरचं बदलतं. आतल्या फोल्डरचं तेच राहतं. नवीन युजर करावा लागंल, इंग्रजीतून. ॲडमिनचा पासवर्ड देता का?"

तीस चौकोनी गावं माझ्या डोळ्यांसमोर. चूक माझी होती. प्रेमानं केलेली, फोटो काढून घेतलेली चूक. तिनं ती कुणाला सांगितली नव्हती, आधी मला सांगितली. एवढं कळत असूनही माझ्या तोंडून गेलं — "पासवर्ड असा देता येत नाही. सरांचं लेखी आण."

तिनं केदारखेडा बंद केलं. "बराबर आहे," म्हणाली. बॅग उचलून गेली.

पासवर्ड काय मोठं गुपित आहे? तातेरावांनासुद्धा माहीत आहे.


७ नोव्हेंबर, शुक्रवार

लेखी मागायला ती सरांकडे गेलीच नाही. सर म्हणाले असते, का लागतं लेखी? मग तिला माझी चूक सांगावी लागली असती.

म्हणजे मला वाचवतेय? कुणी मागितलं होतं?


८ नोव्हेंबर, शनिवार

तिसऱ्या वर्षाचा जादा तास होता, लॅबमध्येच. मी मागे रजिस्टर घेऊन बसलेले. एक पॅकेज बसवायला गेलं की त्याच्यामागून आणखी पॅकेजेस का येतात, हे ती सांगत होती.

"नवरदेवाला बोलावलं तर तो एकटा येतो का?"

"न्हाई मॅडम," सगळे.

"मामा येतो. फुफा येतो. फुफाचे दोस्त येतेत. तसं हे. तुम्ही एकाला हाक मारा, चाळीस जण उतरतेत. बरं, आता मामा म्हणतो, मला जुनाच फेटा लागतो. फुफा म्हणतो, जुना फेटा असंल तर मी जेवणार न्हाई. झालं! वरात दारात उभी."

"मंग कुणाला काढायचं?" मिथुननं विचारलं. तो कायम शेवटच्या बाकावर.

"कुणालाच काढायचं न्हाई. दोन मांडव टाकायचे. ज्याचं लग्न त्याचा मांडव. याचे पाव्हणे त्याच्या पंगतीला बसायचे न्हाईत. आन् यादी करून ठेवायची, कोण आलं, कितव्या नंबरचं आलं. उद्या तेच लग्न दुसऱ्या गावात लावायचं तर यादी बघून तेच पाव्हणे बोलवायचे."

"आमच्या गावात जेवल्याबिगर पाव्हणे हलत न्हाईत मॅडम."

"म्हणून तर मांडव वेगळा. पाव्हण्यांना हात जोडत बसू नको. मांडवच सोडायचा."

वर्ग हसून हसून लोळला. सबा तर डोळे पुसत होती.

मीसुद्धा हेच शिकवलं असतं. "हे घटक परस्परांवर अवलंबून असतात" असं फळ्यावर लिहिलं असतं. पोरांनी उतरवून घेतलं असतं. कुणी डोळे पुसले नसते.


१० नोव्हेंबर, सोमवार

झालं. तीसच्या तीस.

पासवर्ड नको, नवा युजर नको, काही नको. डी ड्राइव्हवर तिनं "lab" नावाचं साधं फोल्डर केलं, इंग्रजी अक्षरांचं. पायथन त्यात, पॅकेजेस त्यात, सगळा मांडव त्यात. गावाच्या नावावरून रस्ताच जात नाही आता. माझ्या एकाही गावाला तिनं हात लावला नाही.

सर खाली आले, अंबडवर आलेख काढून बघितला. म्हणाले, "वा! आणि नावंही तशीच ठेवलीत." ती म्हणाली, "नावं भारी आहेत सर. ती कशाला बदलायची?"

मी हसले. चेहऱ्यानं हसले.  तिनं माझं काही मोडलं असतं तर मला तिच्यावर रागवता आलं असतं.


१२ नोव्हेंबर, बुधवार

सबाबद्दल लिहायचं टाळतेय मी.

केदारखेड्याहून एसटीनं येते. पहिल्या वर्षी आली तेव्हा माउसला हात लावायला घाबरायची. मी तिच्या हातावर हात ठेवून फिरवला होता माउस. तिची अम्मी रहिमाबी एकदा खास भेटायला आली होती, पिशवीत ओल्या शेंगा घेऊन. म्हणाली होती, "इसको आपके हवाले किया मॅडम." तीन वर्षं सबा माझ्यासोबत डबा खातेय. माझी शेंगदाण्याची चटणी ती खाते, आणि तिच्या घरचे कबाब, माझ्या नवऱ्याला, वामनना सांगायचं नाही या अटीवर, थोडे मीसुद्धा.

आज एक वाजला, सव्वा वाजला. मी डबा उघडून बसलेले. वर गेले बघायला. गजालाच्या खोलीत दोघी. एक लॅपटॉप, एक डबा. उर्दूत काहीतरी बोलून हसत होत्या. मला उर्दू कळतं, जालन्यात कुणाला कळत नाही? पण त्या हसण्यात शिरायला वाट नव्हती. सबा तिला "आपा" म्हणत होती, थोरली बहीण.

मला तीन वर्षं "मॅडम".

मनात जे आलं ते लिहिते. आलं — त्यांचं त्यांचं जमणारच. हे वाक्य माझं नव्हे, असं म्हणावंसं वाटतं. पण मनात माझ्याच आलं. घरांत, बसमध्ये, लग्नांत हेच वाक्य मी दुसऱ्यांच्या तोंडून ऐकलंय आणि तोंड वाकडं केलंय. आज ते माझ्या डब्याशेजारी बसून जेवलं.


१३ नोव्हेंबर, गुरुवार

सबा आली सकाळी. "मॅडम, काल तुमी जेवलात का? आपाकडं प्रोजेक्ट घेऊन बसल्ते, वेळच कळला न्हाई."

मी म्हटलं, "मला काय, मी जेवते माझी."

तिचं तोंड उतरलं. मला ते बघून वाईट वाटलं, आणि वाईट वाटण्याआधी एक क्षण बरं वाटलं.


१५ नोव्हेंबर, शनिवार

घरच्या लॅपटॉपवर मी स्वतः करून बघायचं ठरवलं. कुणालाही न विचारता. वामन ऑफिसच्या फायली पसरून बसलेले, मी दुसऱ्या टोकाला.

पहिलं पॅकेज बसलं. दुसरं बसलं. तिसऱ्यानं सांगितलं, तुमच्याकडचं अमुक फार नवं आहे, मला जुनं हवं. जुनं आणलं तर पहिलं रुसलं. जुनं काढलं, नवं टाकलं, तिसरं रुसलं. मामा आणि फुफा! डोक्यात तिचेच शब्द येतात याचा इतका संताप आला की लॅपटॉप मिटवला.

वामन न बघता म्हणाले, "तिला विचार की."

"कुणाला?"

"जिचं नाव तू गेले दहा दिवस घेतेयस, आणि माझं एकदाही नाही."

उठून पोहे केले. मग परत बसले. वेगळं फोल्डर केलं, यादी लिहिली, एकेक नंबर तपासत गेले. साडेपाचला आलेख उमटला पडद्यावर. निळी रेघ, वर जाणारी. जमलं!

वामन म्हणाले, "कशाची रेघ आहे?"

"कशाचीच नाही. नुसती आकडेमोड."

सबाला फोन करावासा वाटला. केला नाही. सतरा वर्षांत नवं काहीतरी शिकले, आणि दाखवायला कुणी नव्हतं.


१८ नोव्हेंबर, मंगळवार

एक ओळ. सर ऑफिसात क्लार्कशी बोलत होते, दार उघडं होतं — "चार्ज गजाला मॅडमकडंच देऊ म्हणतो. अरुंधतीताईंना लायब्ररीत बसवू, त्यांनाही आराम."

आराम.


२० नोव्हेंबर, गुरुवार

उद्या परीक्षा. आज जे केलं ते आजच लिहिलं नाही तर कधीच लिहिणार नाही.

गजालानं दुपारी तीसही मशीन तपासली. प्रत्येकावर आलेख काढून दाखवला, मी रजिस्टरवर टिक केली. तीस टिका. चारला ती गेली. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी डी ड्राइव्ह मी साफ करते, पोरांच्या जुन्या फायली काढते. दरवर्षीचं काम आहे, सगळ्यांना ठाऊक आहे.

अंकुशनगरपासून सुरुवात केली. पहिल्या रांगेतलं पहिलं. पोरांची फोल्डरं निवडली. शेजारी "lab". माझ्या बोटानं तेही निवडलं. हात घसरला नाही. मी बघत होते. मशीननं विचारलं — फार मोठं आहे, कायमचं काढायचं का? मी हो म्हटलं.

हिरवी पट्टी सरकत होती. मला वाटलं, तीसही मशीनवरचं काढीन. उद्या सगळ्यांसमोर लाल ओळी येतील, आणि सर माझ्याकडे वळतील. अंतरवाली सराटीपाशी गेले. तिथं हात चालला नाही. उरलेल्या एकोणतीसवर फक्त पोरांच्या फायली काढल्या, नीट, नेहमीसारख्या.

परत अंकुशनगरपाशी आले. शेजारच्या मशीनवरून फोल्डर उचलून इथं ठेवायचं, वीस मिनिटांचं काम होतं. मला येत होतं. घरी शिकले होते ना! तेवढ्यात तातेराव किल्ल्या वाजवत आले. "चला मॅडम, कुलूप लावून राह्यलो. उद्या लवकर यायचंय." मी त्यांना थांबा म्हणू शकत होते.

मनात हिशेब केला, पोरं अठ्ठावीस, मशीन तीस. अंकुशनगर रिकामंच राहील. कुणाचं काही बिघडणार नाही.

पर्स उचलली आणि आले.


२१ नोव्हेंबर, शुक्रवार

पोरं तीस होती.

दोन रिपीटर. मागच्या वर्षी राहिलेले. रजिस्टरमध्ये वेगळ्या पानावर त्यांची नावं माझ्याच अक्षरात आहेत.

परीक्षक कडक. म्हणाले, आपापल्या मशीनवर नाही बसायचं, चिठ्ठ्या उचला. सबाला अंकुशनगर आलं.

मी दारापाशी उभी. तिनं प्रोग्रॅम लिहिला, भराभर, मान खाली. मग चालवला. थांबली. परत चालवला. मग तिनं मान वर करून आधी गजालाकडे बघितलं.

गजाला धावली. डी ड्राइव्ह उघडला. रिकामा. ती वळली आणि माझ्याकडे बघितलं. एकच क्षण. परीक्षक म्हणाले, "स्टाफनं मशीनला हात लावायचा नाही. नेट बंद आहे, पेन ड्राइव्ह चालणार नाही. जे आहे त्यावर करा."

ज्यावर करायचं तेच नव्हतं.

दोन तास सबा तिथं बसून होती. कागदावर लिहीत होती, पडद्यावर काय दिसलं असतं ते. शेजारी एकोणतीस पडद्यांवर निळ्या रेघा.

परीक्षकांनी शेरा लिहिला — आउटपुट नाही. कॉलेजनं पाच दिवसांत लेखी खुलासा दिला तर फेरपरीक्षेचा विचार होईल.


२२ नोव्हेंबर, शनिवार

सबा आली नाही.

तातेराव म्हणाले, "पोरगी काल स्टँडवर बसून रडून राह्यल्ती. मी म्हणलो, बाई, एका पेपरानं काय होतंय? तर म्हणती, चाचा, तीन वरसं झाली. गावातून मी एकलीच येते. घरचे म्हणतेत, ह्या साली निकाल लागला तर पुढं, न्हाई तर बस."

मला हे माहीत नव्हतं. तीन वर्षं डबा खाल्ला एकत्र. मीच कधी विचारलं नाही. गजालाला माहीत असणार.

आजसुद्धा मनात हेच येतं. गजालाला माहीत असणार. कसली बाई आहे मी.


२४ नोव्हेंबर, सोमवार

सरांनी दोघींना बोलावलं. खुलासा बुधवारपर्यंत हवा. दोघींचा, वेगवेगळा. गजालानं मशीन तयार केली म्हणून तिचा, लॅब माझ्या ताब्यात म्हणून माझा. "खरं काय झालं तेवढं लिहा," म्हणाले. "फोल्डर टाकायचं राहिलं असेल तर तसं लिहा. ती तांत्रिक चूक होते, फेरपरीक्षा मिळते. पण कुणी काढलं असेल तर ती वेगळी गोष्ट आहे. मग चौकशी लागते."

गजाला उठून वर गेली. मी खाली.

घरी चार कागद फाडले. एकावर "अनवधानाने" असं लिहिलं होतं. चांगला शब्द आहे. सगळं झाकतो.


२५ नोव्हेंबर, मंगळवार

आज बोललो.

मी लॅबमध्ये एकटी होते. ती आली, दार लोटून घेतलं, अंतरवाली सराटीच्या खुर्चीवर बसली. अंकुशनगरवर नाही.

"माझा खुलासा दिला मी सरांना," म्हणाली. "लिहिलं, एका मशीनवर टाकायचं माझ्याकडून राहिलं."

"पण तू तपासलं होतंस. माझ्या रजिस्टरला टिक आहे."

"टिक तुमची आहे. तुमी एक जादा मारली असंल."

मी रजिस्टर ओढून टिक शोधली. तिनंच सुरू केलं, खालच्या मानेनं, नखानं टेबल खरवडत.

"माझं काय मॅडम, तासिकावालीचं. यंदा इथं, पुढच्या साली परतूर, न्हाई तर घरी. तुमची सतरा वर्षं आहेत. चौकशी लागली की सर्व्हिस बुकात लाल शाई येती. ती पुसत न्हाई." मग मान वर केली. डोळ्यांत राग होता, चांगला भडकलेला. "पण तुमच्यासाठी केलं असं समजू नका. बिलकुल न्हाई. चौकशी लागली तर सबाचा पेपर सहा महिने लटकंल. तिच्या घरी सहा महिने कोण थांबतंय? म्हणून केलं."

"गजाला—"

"ती मला विचारून राह्यली, आपा, तुमी चेक केल्तं ना? मी म्हणले, न्हाई, तुझंच राहिलं बघ. तिनं फोन ठेवून दिला. तेव्हापासून उचलंना."



मी विचारलं, "तुला केव्हा कळलं?"

"बाकी एकोणतीस मशीन इतकी सफाईनं साफ केलेली. त्या हाताची एकाच ठिकाणी चूक होत न्हाई." उठली. दारापाशी थांबली. "मला एकच सांगा. मी तुमचं काय घेतलं होतं?"

उत्तर होतं माझ्याकडे. पानंच्या पानं लिहिलंय मी इथं. तिच्यासमोर मी रजिस्टरची पानं उलटत राहिले.

ती गेल्यावर आधी जे वाटलं ते असं — सुटले. सबाला फेरपरीक्षा, माझ्या बुकात काही नाही. चूक तिच्या नावावर, म्हणजे जानेवारीच्या सत्रात गजाला नसेल. लॅब राहील माझी. सगळं जसंच्या तसं. आणि सबा परत माझ्यासोबत डबा खाईल, कारण आपाशी ती बोलत नाही.

मला हवं होतं ते सगळं मिळत होतं. 

दुपारी परीक्षकांना फोन लावला. नाव सांगितलं, कॉलेज सांगितलं. विचारलं, समजा स्टाफपैकी कुणी मुद्दाम काढलं आणि त्यानं स्वतः लिहून दिलं, सहीनिशी, तर मुलीचा पेपर लटकतो का?  ते म्हणाले, "नाव लपवलं तर चौकशी लागते, बाई. नाव समोर असेल तर चौकशी त्या माणसाची. मुलीचा काय दोष? तिची फेरपरीक्षा मी आठ दिवसांत घेईन."

वामनना सांगितलं सगळं. त्यांनी चहा अर्धा ठेवला. लायब्ररीचं राहू दे, नोकरीवरही येऊ शकतं, म्हणाले. माहीत आहे, म्हटलं. मग त्यांनी चांगला पेन शोधून दिला.


२६ नोव्हेंबर, बुधवार

सरांच्या टेबलावर दोन खुलासे. गजालाचा — अंकुशनगरवर फोल्डर टाकायचं माझ्याकडून राहिलं. माझा — फोल्डर होतं. मी काढलं. चुकून नाही.

सरांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले, दोनदा वाचले. गजाला माझ्या बाजूच्या खुर्चीत, ताठ.

"म्हणजे दोघींपैकी एक जण खोटं लिहितेय," सर म्हणाले.

"हो सर," मी म्हटलं. "गजाला."